पाठीवरचं घर: हलक्या तंबूबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सॅक हलकी करण्याबद्दल लिहिताना मी शेवटी सहज लिहून गेलो की टूथब्रश अर्धा कापण्यापेक्षा आधी तंबूकडे बघा, तर त्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळचं अख्खं सदर तंबूलाच दिलंय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावांऐवजी ज्याने त्याने सही म्हणून जे लिहिलं तेच ठेवलंय.

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही तिघे मित्र, चाळिशी ओलांडलेले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा सह्याद्रीत रात्रीचा मुक्काम करतो. चार माणसांचा डोम तंबू आहे, साडेचार किलोचा. तो कुणी उचलायचा यावरून दर वेळी भांडण होतं आणि मागच्या महिन्यात माझी पाठ धरली. आता एक मित्र परदेशातून सव्वा किलोचा, ट्रेकिंग पोलवर म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू आणून देतो म्हणतोय. महाग आहे पण घेऊन टाकू का? (पाठ धरलेला, ठाणे)

उत्तर: अहो, साडेचार भागिले तीन म्हणजे माणशी दीड किलो! तंबू एकानेच उचलायचा असं कुठे लिहिलंय? वरचं कापड एकाकडे, आतला जाळीचा भाग दुसऱ्याकडे, काठ्या आणि खुंट्या तिसऱ्याकडे. तंबूची पिशवी घरीच ठेवा, कापड सॅकमध्ये कोंबलं की उलट जागा कमी लागते. आणि तो सव्वा किलोचा तंबू बहुतेक दोन माणसांचा असणार, मग तिसरा कुठे झोपणार? त्यातही दोन माणसांचा म्हणजे काय ते बघून घ्या, साधी मॅट 51 सेंटीमीटर रुंद असते, दोन मिळून 102, आणि असे तंबू बऱ्याचदा 120-130 रुंद असतात, म्हणजे दोन चाळिशीतले पुरुष आणि त्यांच्या सॅक आत गेल्या की कूस बदलायला परवानगी घ्यावी लागते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ट्रेकिंग पोलवरचा तंबू स्वतःहून उभा राहत नाही, त्याचा सगळा जीव खुंट्यांमध्ये असतो. खुंटी जमिनीत गेली तर तंबू, नाही गेली तर चादर. आणि आपल्या सह्याद्रीत तुम्ही झोपता कुठे, पठारावर, कड्याजवळ, माचीवर, जिथे वर चार बोटं माती आणि खाली सलग कातळ. कोकणातल्या सड्यावर जांभा, तिथेही तेच. जिथे हे तंबू जन्माला आले तिथे जंगलात खाली भुसभुशीत माती असते, आपल्याकडे ॲल्युमिनियमची खुंटी दोन ठोक्यांत वाकडी होते.

मग कातळावर तो लागतच नाही का, तर लागतो, दगड वापरून. दोरीचं टोक खुंटीऐवजी एका मुठीएवढ्या दगडाला बांधायचं आणि त्या दगडापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा जड दगड ठेवायचा, म्हणजे दोरी ताणली गेली की लहान दगड मोठ्याला जाऊन अडकतो. थेट मोठ्या दगडाला दोरी गुंडाळू नका, धारेवर घासून रात्रीत तुटते. हे करायला सहा-आठ ठिकाणी अर्धा तास जातो आणि अंधारात पोचलात तर तासभर. (आणि गडावर असाल तर तटबंदीचे, जुन्या जोत्याचे दगड उपसायचे नाहीत, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.) डोमचं सुख हे की तो आधी उभा राहतो आणि मग तुम्ही त्याला उचलून चांगल्या जागी नेऊ शकता. फक्त उभा राहतोय म्हणून बांधायचाच नाही असं करू नका. मी एकदा कोकणकड्याजवळ डिसेंबरात असाच आळस केला होता, सॅक आत आहेत ना मग बस झालं म्हणून, रात्री दोनला वारा उठला आणि फायबरग्लासची काठी उभी चिरली, उरलेली रात्र आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशेजारच्या गुहेत दात वाजवत काढली. काठी चिरली की तिची कुसळं हाताला लागतात ती वेगळीच.

तर तुमच्यासाठी: तीन माणसांचा, ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा, तीन किलोच्या आतबाहेरचा डोम बघा. माणशी एक किलो पडला. वजन बघताना एक गोम लक्षात ठेवा, काही कंपन्या जो मोठ्या अक्षरात आकडा छापतात तो फक्त कापड आणि काठ्यांचा असतो, खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरून दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो, तो खरा. दुकानात स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन जाणारा एक माणूस मला माहितीये, लोक हसतात पण तो फसत नाही.

आणि हो, पैसे खर्च करण्याआधी एकदा विचारा स्वतःला की तंबू हवाच आहे का. हरिश्चंद्रगडावर स्थानिक मंडळीच तंबू भाड्याने देतात, पाचनईत कुणाच्या तरी ओसरीवर झोपून पहाटे वर चढता येतं, भाकरी-पिठलं मिळतं ते वर. तंबूचं वजन शून्य.

प्रश्न: काका, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बजेट जास्तीत जास्त दोन हजार. टार्प आणि एक मॅट एवढ्यावर लोक महिनोन् महिने चालतात असं व्हिडिओत बघितलं. आपल्याकडे चालेल का? घरचे म्हणतात साप चावेल. (टार्पवाला होऊ पाहणारा, कोल्हापूर)

उत्तर: चालेल, आणि घरचेही बरोबर आहेत, दोन्ही.

टार्प म्हणजे शेवटी चार कोपऱ्यांना कड्या असलेलं पाणी न झिरपणारं कापड. अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या आजींनी 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, अप्पालेशियन ट्रेल एकटीने पूर्ण केली, तीन हजार किलोमीटरच्या वर चाल, आणि पावसासाठी जवळ काय तर न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाहीच. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्याकडे भातलावणीत बायाबापडे इरलं घेऊन दिवसभर पावसात वाकलेले असायचे, बांबूच्या कामट्या आणि पानं, यापेक्षा हलका निवारा कुठल्या दुकानात मिळतो?

तर हिशोब बघ. तीन बाय तीन मीटरचा सिलनायलॉनचा म्हणजे सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा टार्प साधारण 450 ग्रॅम, आत टांगायची मच्छरदाणी 250, खाली अंथरायला कापड 150, खुंट्या-दोऱ्या 150. झाला एक किलो. तुझ्या बजेटमध्ये सिलनायलॉन बसेलच असं नाही, मग बाजारात पॅराशूटचं कापड म्हणून जे मिळतं ते घे, पण आधी एका टोकाला फुंकर मारून बघ, हवा आरपार जात असेल तर पाणीही जाणार. ओळखीच्या टेलरकडून कडा दुमडून घे, कोपऱ्यांना दुहेरी कापडाचे ठिगळ आणि पट्टीच्या कड्या. थोडं जड होईल, होऊ दे. ताडपत्री मात्र नको, ती घोंगडीपेक्षा जड आणि वाऱ्यात रात्रभर फडफडून झोपू देत नाही.

आता सापाचं. सह्याद्रीत आणि कोकणात फुरसं असतं, लहानसं, दगड-पाचोळ्याच्या रंगाचं, आणि ते बाजूला होत नाही, जागीच बसून राहतं. लाल विंचू दगडाखाली असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं तोपर्यंत या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं, हकनाक जायची. म्हणून टार्पखाली उघड्यावर झोपायचं ते युरोपातल्या लोकांनी, आपण आत मच्छरदाणी टांगायची, आणि ती अशी की तिला शिवलेला तळ आहे. नुसती वरून सोडलेली जाळी नको. ते अडीचशे ग्रॅम वाचवायचे नाहीत, बाकी काय हवं ते वाचव. दगड हलवताना हात घालू नको, काठीने उलट. बूट जाळीच्या आत ठेव आणि सकाळी झटकूनच घाल. चावलंच काही तर मांत्रिक, चिरा, दोरी बांधणं काही नाही, थेट जवळचं सरकारी रुग्णालय, म्हणून निघण्याआधीच ते कुठे आहे हे बघून ठेवायचं.

टार्प लावायची एकच पद्धत आधी शिक: दोन काठ्या, मध्ये दोरी, वर कापड, दोन्हीकडे उतार. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू अगदी जमिनीला टेकवायची, दुसरी थोडी वर. गाठी दोनच पुरतात, एक न सुटणारी आणि एक सरकवून ताणता येणारी. घराच्या गच्चीवर दहा वेळा लाव, शेवटच्या दोन वेळा रात्री दिवा बंद करून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. जून ते सप्टेंबर टार्प घेऊन सह्याद्रीत झोपायला गेलास तर मला पत्र लिहू नकोस.

प्रश्न: भंडारदऱ्याला पाण्याच्या अगदी काठावर तंबू लावला होता. पाऊस नाही, आकाश स्वच्छ, तरी सकाळी स्लीपिंग बॅग ओली आणि छतावरून थेंब पडत होते. तंबूवर 2000 एमएम वॉटरप्रूफ लिहिलंय. दुकानदाराने फसवलं का? (भिजलेला, नाशिक)

उत्तर: नाही हो, ते पाणी तुमचंच होतं. 2000 एमएमचा अर्थ, त्या कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. तेवढं कापड आपल्या कामाला पुरेसं आहे, तळाला थोडं जास्त असलेलं बरं. पण जे कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही, रात्रभर दोघांच्या श्वासातून जी वाफ निघते ती जाणार कुठे, तर थंडगार कापडाला चिकटणार. त्यात तुम्ही पाण्याकाठी, म्हणजे हवा आधीच दमट, आणि खोलगट जागी, जिथे रात्री आजूबाजूची थंड हवा उतरून साचते. वर आकाश मोकळं, त्यामुळे कापड आणखी गार पडतं. पुढच्या वेळी काठापासून जरा वर, उतारावरच्या सपाट जागी, शक्य असेल तर झाडाखाली लावा (वाळलेली फांदी वर नाही ना बघून), दोन्हीकडची हवेची तोंडं उघडी ठेवा आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद करू नका. एकच थर असलेल्या हलक्या तंबूत हा त्रास जास्त, कारण ओलं कापड थेट अंगाला लागतं, दोन थरांच्या तंबूत आतली जाळी तुम्हाला त्यापासून लांब ठेवते. सव्वा किलो आणि पावणेदोन किलो यातला फरक बऱ्याचदा तोच असतो. सोबत एक जुना रुमाल ठेवा, छत पुसायला.

प्रश्न: मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी, ऑगस्टमध्ये हामटा पास स्वतःच, कुठल्याही ग्रुपशिवाय करायचा विचार आहे. मुलगी फक्त तिचे कपडे उचलणार, बाकी सगळं माझ्या पाठीवर, त्यामुळे एका थराचा 900 ग्रॅमचा तंबू बघतेय. (आई, पुणे)

उत्तर: ताई, विचार छान आहे, तंबू नको. हामटा 4270 मीटरच्या आसपास आहे आणि त्याची गंमत अशी की कुल्लूकडून चढताना पावसाळी हिरवं, आणि पलीकडे लाहौलमध्ये उतरलात की कोरडं, वाऱ्याचं आणि धुळीचं. म्हणजे पहिल्या दोन रात्री तंबू ओला, त्या ओल्या कापडाचंच पाव-अर्धा किलो वजन सहज वाढतं, आणि पुढे खिंडीजवळ वारा. गारा पडल्या तर बाहेर बसून राहता येत नाही, मुलीला घेऊन आतच बसायचं, कदाचित अख्खी दुपार, पत्ते खेळत. अशा वेळी बसल्यावर डोकं छताला न लागणारा, दोन थरांचा, ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा, बाहेर बूट-सॅक ठेवायला पडवी असलेला तंबू हवा, तो पावणेदोन-दोन किलोला मिळतो. जास्तीचं किलोभर वजन मुलीच्या कोरड्या मोज्यांसाठी आहे असं समजा. ते दुसरीकडून कमी करा, तुम्ही किती कपडे नेताय ते बघा, मी पैज लावतो तिथे किलो निघेल.

आणि पहिल्याच वेळी ग्रुपशिवाय असाल तर स्थानिक वाटाड्या आणि एक खेचर घ्या, तिथे ओढ्याचं बर्फगार पाणी ओलांडावं लागतं, मुलीसोबत ते एकटीने नको. विमानाने जाणार असाल तर खुंट्या आणि काठ्या चेक-इन सामानात, गॅसचा डबा मात्र कुठल्याच सामानात चालत नाही, तो मनालीत घ्या. पुढे कधी उत्तराखंडला जायचं ठरवलंत तर तिथे 2018 मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर म्हणजे वरच्या गवताळ कुरणांवर रात्री राहायला बंदी घातली, तेव्हा मुक्काम कुठे चालतो हे वन खात्याला विचारूनच आखणी करा.

प्रश्न: हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी, कसा वाटतो तंबूऐवजी? (झुलणारा, पणजी)

उत्तर: तुमच्याकडे झाडं आहेत, आमच्या पठारावर नाहीत. दोरी नको, रुंद पट्टा वापरा म्हणजे साल कापली जात नाही, तिरकं झोपा म्हणजे पाठ सरळ राहते, आणि खालून थंडी लागते म्हणून मॅट आत घाला. अभयारण्यात परवानगीशिवाय नको, झुलत पण नको.

प्रश्न: एडिंबराला नोकरीनिमित्त आहे. पुण्याहून येताना आणलेला डोम घेऊन जूनमध्ये वेस्ट हायलँड वे ही इथली लांब पायवाट करायची आहे. नवीन तंबू घ्यावा लागेल का? (मराठी माणूस, स्कॉटलंड)

उत्तर: तुमचा डोम आधी आतला भाग आणि मग वरचं कापड असा लागत असेल. आपल्याकडे कोरड्या हिवाळ्यात त्याने काही बिघडत नाही, तिथे पावसात लावेपर्यंत आत तळं होईल. तिकडचे बरेच तंबू आधी बाहेरचं कापड किंवा दोन्ही एकदम असे उभे राहतात ते त्यासाठीच. कातळाचा प्रश्न तिथे कमी, जमीन उलट दलदलीची, त्यामुळे ट्रेकिंग पोलवरचा दोन थरांचा किलोभराचा तंबू तुम्हाला मात्र खुशाल घ्या म्हणेन, ठाण्याच्या दादांना नाही म्हटलं तोच. फक्त जाळी अगदी बारीक विणीची बघा. तिथले मिज म्हणजे चिलटापेक्षा लहान प्रकार, साध्या मच्छरदाणीतून आत येतात, आणि जून म्हणजे त्यांचा सीझन. वारा लागणारी जागा निवडा, वाऱ्यात ते उडत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू लावायचा हक्क आहे, पण तुमच्या वाटेवरच्या लॉक लोमंडच्या काठाला मार्च ते सप्टेंबर वेगळे नियम आहेत, तिथे परमिट किंवा कॅम्पसाइट लागते. 154 किलोमीटरमध्ये तेवढाच तुकडा आधी ठरवून ठेवा.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वीचा तंबू माळ्यावरून काढला तर आतून चिकट झालाय आणि उलटी होईल असा वास येतोय. उंदराने काही केलं का? (वैतागलेली, चिंचवड)

उत्तर: उंदीर निर्दोष आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या तंबूंच्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, तो ओलाव्यात हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि तो आंबट वास सोडतो. आपल्याकडचा पावसाळा आणि पत्र्याखालचा तापलेला माळा, दोन्ही मिळून त्याचा निकाल लावतात. माझा एक तंबू मी ऑक्टोबरमधल्या ट्रेकवरून दमून आलो आणि उद्या वाळवू म्हणून तसाच पिशवीत ठेवला, ते उद्या पुढच्या दिवाळीत उजाडलं.

एकदा थर गेला की दुरुस्ती जमत नाही. काठ्या, खुंट्या, जाळी काढून ठेवा, कामाला येतात. नवीन घेतलात की ट्रेकवरून आल्या आल्या घरात दोरीवर टाका, सावलीत, कारण उन्हानेही नायलॉन विरतं, पूर्ण वाळला की सैल कापडी पिशवीत (जुनी उशीची खोळ उत्तम) कपाटात ठेवा. पावसाळ्यात मधे एकदा काढून हवा द्या, पापड-कुरडया काढतो तसं.

सिलनायलॉनचा घेतलात तर हा चिकटपणाचा त्रास सहसा नाही, पण त्याच्या शिवणींवर टेप बसत नाही, त्या स्वतः बंद कराव्या लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं शुद्ध सिलिकॉन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावायचं, गच्चीवर, मोकळ्या हवेत. आणि सिलनायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी एकदा बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणायच्या. डायनिमा म्हणून जे कापड आहे ते सैलही पडत नाही आणि पाणीही पीत नाही, फक्त त्यातला दोघांचा तंबू पन्नास हजारांच्या पुढे जातो, आणि आपल्याकडच्या करवंदीच्या जाळीला आणि गडावरच्या माकडांना किंमत वाचता येत नाही.

प्रश्न: थंडीत तंबूच्या आत स्टोव्हवर चहा केला तर चालतो का? तेवढीच ऊब येते. (चहाबाज, सातारा)

उत्तर: नाही. स्टोव्ह नाही, शेगडी नाही, निखाऱ्यांची पाटी तर अजिबातच नाही. बंद जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला झोप येतेय असं वाटतं आणि तो उठत नाही. शिवाय हलकं कापड एका ठिणगीला भडकतं. चहा बाहेर करा, पाणी उकळलं की थोडं बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि मोजा चढवून पायाशी ठेवा, पहाटेपर्यंत कोमट राहतं.